तीन शिट्ट्या

आडनाव घाडी, म्हणून इथे सोहारमध्येही
माणसं झपाटलेली यंत्रं माझ्याकडेच आणतात.
मी गाऱ्हाणं घालत नाही. स्क्रू सोडवतो,
आणि नारळाऐवजी एक सुलेमानी मागतो,
लिंबू पिळून.

नाझिम सरगुरोह आला शुक्रवारी, जुम्म्यानंतर,
तांदळाच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन,
पाय बांधलेली कोंबडी आणावी तसा.
"उठतच नाय रे. नुसता कण्हतो."
गुरुवारी त्याचं विमान. व्हिसा कॅन्सल, कायमचा.
चौदा वर्षं बंदरावरच्या कॅम्पात, मेसमध्ये,
तीनशे माणसांचा भात.

बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला.
तीन शिट्ट्या.
"तीन म्हणजे डाळ झाली," नाझिम म्हणाला.
"तीन म्हणजे मेमरी," मी म्हटलं.

तळ उघडला. मला वाटलं होतं वाळू निघेल.
निघालं पीठ.
पंख्याच्या पात्यांवर मैद्याची साय,
एक जिरं,
आणि झुरळाचा पाय, जो मी त्याला दाखवला नाही.
मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात
शाळेच्या खोडरबराने घासले.
हे कुठल्या पुस्तकात नाही, पण चालतं.

पडदा उजळला. काळ्यावर पांढरं:
ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.
वर तारीख, एक जानेवारी दोन हजार आठ.
आतला बटणसेल मेला की
यंत्र आपल्या जन्माच्या आसपास जाऊन बसतं.
"आठ?" नाझिम वाकला.
"तेव्हा मी आलोच नव्हतो. हर्णैला होडी होती माझी."
आणि असा बघत राहिला त्या चार आकड्यांकडे
की मीही जरा वेळ काही दाबलं नाही.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.

मग पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम उठवली,
आधी घरातलं सामान बाहेर काढायला.
डिस्क आतून टकटक करत होती,
दार लावून घेतलेल्या माणसासारखी.
तरी फोटो निघाले. जोत्याचे, मग भिंतींचे,
मग स्लॅबचे, स्लॅबवर उभ्या बायकोचे;
पैसे पाठवल्याच्या पावत्या, पावत्या, पावत्या.
एक फाइल मात्र येईना.
नाव होतं 'उधारी'.
चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडकली. पुन्हा अडकली. तिसऱ्यांदाही.

त्यात कोण कोण आहे, मला माहीत होतं.
पेरुमाल, तो नेपाळी वेल्डर, दोघे सुपरवायझर.
आणि मी. बावीस रियाल,
ज्या वर्षी कंपनीने तीन महिने पगार रोखला होता त्या वर्षीचे.
चौथ्यांदा करून बघता आलं असतं.
डिस्क थंड होऊ द्यायची, रात्रभर ठेवायची,
कधी कधी येते.

"ही नाय निघणार?" त्याने विचारलं.
"कठीण आहे," मी म्हटलं.
खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.
पडद्यावर प्रश्न उभा: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?
"पुस," नाझिम म्हणाला,
ओटा पुसायला सांगावं तसा.

पट्टी निळी सरकू लागली.
तोवर कुट्टीच्या बकाल्यातून मी सेल आणला,
दीडशे बैसांचा, आणि तारीख आजची झाली.
मग यंत्राने विचारलं, कुठली वेळ?
मी मुंबईकडे खाली जाऊ लागलो.
"नको, मस्कतच ठेव."
"अरे, तू चाललास ना गावाला?"
"म्हणून तर. घरात एक तरी घड्याळ दीड तास मागे असू दे.
मेसमध्ये तांदूळ कधी चढले, ते कळेल."

अकरा वाजले. लॅपटॉप उठला, अनोळखी, चकचकीत,
कुणाचाच नसलेला.
नाझिमने झाकण लावलं, पुन्हा तांदळाच्या पिशवीत घातला.
"किती झाले तुझे?"
"काही नाही रे."
"मग फिटलं," तो म्हणाला,
आणि हसला की नाही ते मला दिसलं नाही;
तो चपला शोधत होता.

सुलेमानी तेवढा राहिला.